शिक्क्यांचे शेठ

शेठना कोरं तिकीट आवडत नसे. पुण्यामुंबईहून सुट्टीला आलेला कुणी हौसेनं मोराचं किंवा रेल्वे इंजिनाचं नवंकोरं पोस्टाचं तिकीट आणून द्यायचा. शेठ ते उजेडाकडे धरून बघायचे आणि परत त्याच्या हातावर ठेवायचे. "हे अजून घराबाहीर पडलंच न्हाई. हिंडून आलेलं आणा," म्हणायचे. त्यांना हवा असायचा तिकिटावरचा काळा गोल शिक्का. पत्र ज्या गावी पडलं त्या गावाचं नाव त्यात पूर्ण वाचता आलं पाहिजे. एखादं अक्षर पुसट असलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

लग्न का केलं नाही, असं बायका विचारायच्या. "मीच कोरं तिकीट हाय गं. मला कुणी शिक्का मारायला तयार न्हाई," असं म्हणून ते हातातलं कापड टराटरा फाडून द्यायचे.

आमचं गाव राजुरीच्या पुढं, आण्याच्या पठाराचा चढ सुरू होतो तिथं आहे. मारुतीच्या पारासमोर शेठचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ मात्र आमच्याच गावात जन्मले, आमच्याच शाळेत पाटी घेऊन बसले. थोरला भाऊ नारायणगावात मोठं दुकान काढून बसला, त्यानं अनेकदा बोलावलं, पण शेठ गेले नाहीत. "तिथं गिऱ्हाईक लई. मला टपाल बघायला वेळ कवा मिळणार?" हे त्यांचं कारण.

मी गावचा पोस्टमन होतो. दुपारच्या एसटीनं टपालाची पिशवी यायची, पोस्टमास्तर ती उघडून पत्रं माझ्या हातात द्यायचे, आणि मी सायकलला टांग मारायच्या आधी शेठच्या दुकानात पाणी प्यायला थांबायचो. तिथं गादीवर पत्रं पसरायची, शेठनी ती नुसती बघायची, हा आमचा नेम. मजकुराला ते कधी डोळा लावत नसत. सगळी नजर शिक्क्यावर. मग ज्याचं पत्र असेल त्याच्याकडे दोन-चार दिवसांनी जायचे. आमच्याकडे पत्रं वाचून झाली की तारेच्या आकड्याला टोचून ठेवायची पद्धत होती. शेठ दारात उभे राहून म्हणायचे, "आकड्यावरचं बेल्ह्याचं कार्ड द्या की. बदल्यात खण घ्या." लोक हसायचे आणि द्यायचे.

दुकानात साड्यांचे रिकामे खोके होते, त्यांत हा संग्रह असायचा. खोक्यांवर चिठ्ठ्या: ओतूर, बेल्हे, घोडेगाव, मंचर. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक पोस्टाचा एकेक पुरा शिक्का जमवायचा, एवढाच त्यांचा ध्यास. मी एकदा म्हणालो, "शेठ, दिल्लीचा ठेवा, लंडनचा ठेवा." तर म्हणाले, "ती कुठं जात न्हाईत. आपली जायाला लागली." डिंभ्याच्या धरणाचं पाणी तेव्हा वरवर चढत होतं.

लग्नाचा बस्ता काढायला वऱ्हाड बसलेलं असायचं आणि शेठ शालूचा म्हणून खोका उघडायचे, तर त्यात ओतूरची कार्डं. नवऱ्या मुलीची आत्या फणकारायची, "आमी काय पत्रं नेसवायची का पोरीला?" शेठ स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

त्यांना जुनी नाणीही लागायची. नांगरताना सापडलेली, देव्हाऱ्यातली, कुठल्या म्हातारीच्या गाडग्यातली तांब्याची शिवराई आली की ते तिचे रोख पैसे द्यायचे. एका बाईनं भाव वाढेल म्हणून शिवराई चिंचेनं घासून लखलखीत करून आणली. शेठनी ती उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, "आगं, वय धुऊन टाकलंस की गं तिचं." त्या नाण्यांनीच ते पाकिटं तोलायचे. तराजूच्या एका पारड्यात पाकीट, दुसऱ्यात दोन शिवराया. "जड हाय. आणखी तिकीट लावा, न्हाईतर पलीकडच्याला दंड पडंल," असं परक्या माणसालाही सांगायचे. माझ्यावर मात्र एकाच गोष्टीवरून रागवायचे. मास्तर नसले की शिक्के मी मारायचो, दणादणा. "पोस्टमन, आपटू नका. हळू टेकवा. पलीकडं कुणीतरी वाचणार हाय."

आता कोपरा फाटलेल्या कार्डांचं सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मयताची खबर कार्डानं कळवायची तर कार्डाचा एक कोपरा फाडून टाकायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणजे हातात घेताच कळावं. वाचून झालं की ते कार्ड तिथंच फाडायचं. ते आकड्याला लावायचं नाही, घरात रात्रभर ठेवायचं नाही. शेठना या कार्डांची फार चुटपुट लागायची. "डोंगरातल्या गावांतनं एरवी कोण लिहितंय? मरण आलं की मगच कार्ड सुटतं. आन तेच तुमी फाडता." काही जण त्यांच्या आग्रहाखातर शिक्क्याचा तुकडा फाडून देत. ते तुकडे शेठ वेगळ्या खोक्यात ठेवायचे, खोक्याला काळा दोरा बांधायचे आणि तो अगदी वरच्या फळीवर सारायचे. बस्त्याच्या वेळी तो चुकूनही खाली येऊ नये ही काळजी ते घेत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. नंतर गावानं त्या खोक्याबद्दल काय काय म्हटलं!

त्यांच्याकडे आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाचा शिक्का नव्हता. डिंभ्याच्या पाण्यात जाणारं गाव, तिथलं पोस्टही उठणार होतं. त्या गावची एकच लेक आमच्या गावात दिली होती, सगुणाबाई. तिच्या माहेरची पत्रं येत, पण कुणी ना कुणी घोडेगावला बाजाराला येऊन ती टाकत असे. शेठ दर वेळी शिक्का बघून म्हणायचे, "पुन्यांदा घोडेगाव."

मग ते कार्ड आलं. नव्वद सालानंतरची गोष्ट, गावात एसटीडी बूथ यायचा होता. दुपारी पिशवीतून कार्ड हातात आलं आणि आधी अंगठ्याला फाटका कोपरा लागला. पत्ता सगुणाबाईचा. तिचा बाप गेला होता. आणि सगुणाबाईच्या घरी त्याच सकाळी थोरल्या लेकीला हळद लागली होती, दुसऱ्या दिवशी लग्न.

हळदीच्या घरी कोपरा फाटलेलं कार्ड टाकायचं नाही. असा काही सरकारी नियम नाही, नियमाप्रमाणे आलेलं पत्र लगेच दिलंच पाहिजे. पण माझ्या आधीच्या पोस्टमननं मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. खबर कानावर आली की सुतक लागतं, मग नवरीची आई मांडवात कुठल्याच विधीला उभी राहू शकत नाही. लग्न उरकेपर्यंत पोस्टमननं कार्ड दाबून ठेवायचं, आणि उरकलं की द्यायचं. लोकही त्याबद्दल पोस्टमनला दुवा देत.

पण ठेवायचं कुठं? माझ्या घरात बायकोनं ते उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नसतं. मी शेठकडे गेलो आणि सगुणाबाईचा बाप गेल्याचं सांगितलं.

शेठनी कार्ड घेतलं, उजेडाकडे वळवलं. शिक्का पूर्ण होता. त्या गावाचं नाव, एकही अक्षर न तुटता. "आला," ते म्हणाले. आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. "काय माणूस हाय मी! त्या सगुणाचा बाप गेला आन मी काय बोलतोय."

"दोन दिवस ठेवा. लग्न झालं की नेतो."

"ठेवतो. पर पोस्टमन, वाचून झाल्यावर फाडायच्या आत शिक्क्याचा तुकडा तेवढा माझ्यासाठी मागाल?"

"मागतो," मी म्हणालो. त्यांनी त्या कार्डाबद्दल केलेली मागणी एवढीच. दुसरं काही नाही.

लग्नात सगुणाबाई सारखी वेशीकडे बघत होती. माहेरचं कुणी आलं नव्हतं. नवरीमागं उभा राहायला मामा नव्हता, शेवटी गावातल्याच एकाला मामा म्हणून उभं केलं. बायका म्हणाल्या, "पाणी वाढलंय, रस्ता बुडाला आसंल." सगुणाबाई म्हणाली, "यायाचं आसतं त्यो पवत येतो." मी पंगतीत जिलबी खात होतो. माहेरचे का आले नाहीत हे त्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं.

मग मी वऱ्हाडाबरोबर नवऱ्या मुलाच्या गावी गेलो. रजा टाकली होती. तिथं मटण होतं, दारूही होती. परतलो तेव्हा शेठ दुकानाच्या पायरीवर माझी वाट बघत बसले होते.

"पोस्टमन, कार्ड."

"आज मांडव काढतायत. उद्या."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे सत्यनारायण होता. पुढच्या दिवशी जावई जेवायला. खरं तर अडचण कशाचीच नव्हती. जितका उशीर होत गेला तितकी मला सगुणाबाईच्या दारात उभं राहायची भीती वाटत गेली. इतके दिवस कुठं होतं, असं तिनं विचारलं तर? शेठ रोज विचारायचे. एकदा कोट चढवून उभेच राहिले. "मी दिऊन येतो. तुमी यिऊ नका."

"तुमच्या हातून गेलं तर तुमच्याकडे कसं आलं म्हणून चौकशी होईल. माझी नोकरी जाईल. माझी पोरं लहान आहेत, शेठ."

शेठनी कोट काढून खुंटीला लावला. "मंग जा तरी. दहावा जवळ आला."

मी गेलो नाही. दहावा होऊन गेला. मग मला वाटलं, आता कार्डाचा उपयोग काय? वाटेत गहाळ झालं असं लोक समजतील.

चार-दोन दिवसांत सगुणाबाईचा भाऊ आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. अंगणातच उभा राहिला, घरात शिरला नाही. सगुणाबाई रुसव्यानं म्हणाली, "आता आला व्हय भाचीच्या लग्नाला?"

तो म्हणाला, "बाप मेला तरी तुला यिऊ वाटलं न्हाई?"

"कुनाचा बाप?" ती म्हणाली.

मी तेव्हा समोरच्या घरी मनिऑर्डर देत होतो. तिचा तो प्रश्न मी ऐकला. भाऊ सांगत होता, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. उन्हं कलली तरी शिवेना. शेवटी त्यानं हात जोडून मेलेल्या बापाला सांगितलं, सगुणा येतीय, वाटंत हाय. तेव्हा कुठं शिवला. "बापाला खोटं सांगाया लावलंस तू मला," असं म्हणून तो आल्या पावली वळला. सगुणाबाई त्याच्यामागं अनवाणी वेशीपर्यंत गेली. तो थांबला नाही.

तासाभरात माणसं माझ्या दारात आली. सगुणाबाईच्या दिरानं विचारलं, "पत्र आलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

मागून कुणीतरी बोललं, "शेठकडं बघा. त्याला मढ्याची कार्डं लागत्यात."

जमाव दुकानाकडे वळला, मीही गेलो. कुणी काही शोधायच्या आत, दिरानं नुसतं "सगुणाचं कार्ड" म्हणताच, शेठ उठले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका त्यांनी काढला, काळा दोरा सोडला आणि कार्ड दोन्ही हातांनी पुढं धरलं. "वाचून दाखवा तिला. लई महत्त्वाचं हाय," ते म्हणाले.

पण कार्ड कुणी वाचलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी बोललो, "मी दुपारी इथं पाणी प्यायला बसतो. माझ्या पिशवीतून काढून घेतलं असणार."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. शिक्का पुसट निघाला की ते असंच बघायचे. मग दिराकडे वळून म्हणाले, "पोस्टमनला काय बोलू नका. मीच ठेवलं. शिक्का चांगला उमटला व्हता."

दिरानं कार्डाचे तुकडे केले. मग खोके बाहेर आले. ओतूर, बेल्हे, घोडेगाव, मंचर. मारुतीच्या पारासमोर ढीग झाला आणि कुणीतरी रॉकेल आणलं. तिकिटं हलकी असतात, जळताना वर उडतात. बायका पदर सावरून मागं सरत होत्या, कुणाच्या अंगावर मेल्याच्या पत्राची राख पडायला नको म्हणून. नाण्यांचा डबाही कुणी त्यातच उपडा केला. शेठ पायरीवर उघड्या डोक्यानं उभे होते. कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही, हे खरं. गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी राखेत काळ्या पडलेल्या शिवराया दिसत होत्या. आमच्या गावात रस्त्यावर पडलेला पैसा कधी रात्रभर टिकला नाही. पण ती नाणी कुणीच उचलली नाहीत, शेठनीही नाही. पुढं एका वळवाच्या सरीत ओढ्याला गेली.

त्यानंतर शेठच्या दुकानात बस्ता काढायला कुणी गेलं नाही. बाळंतविडा नाही, खण नाही. मयताला पांढरं कापड लागलं तरी लोक बेल्ह्याला जायचे. त्या पावसाळ्यात गावात लागोपाठ दोन म्हातारी माणसं गेली, तीही शेठच्या खोक्याच्या नावावर जमा झाली. दिवाळीनंतर नारायणगावहून पुतण्या टेम्पो घेऊन आला. मी पिंपळाच्या आड उभा होतो. टेम्पोत पुढं बसलेल्या शेठनी मला पाहिलं आणि काच खाली करून म्हणाले, "पोस्टमन, शिक्का हळू टेकवत जा."

नंतर मी एकदाच त्यांना भेटलो. पोराबरोबर नारायणगावला टोमॅटो घेऊन गेलो होतो. हायवेला लागूनच पुतण्याचं दुकान. आत मागच्या बाजूला, कापडाच्या ठाणांच्या मधे शेठ बसले होते, साड्यांच्या घड्या घालत. बाजूला रिकामे खोके होते, खरोखर रिकामे. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

"काही जमवता का आता?" मी विचारलं. बोलायला दुसरं सुचेना.

"न्हाई." मग साडीची घडी दाबत म्हणाले, "सगुणाला सांगितलं का?"

मी कपातला चहा बशीत ओतू लागलो.

"माझ्यासाठी म्हणत न्हाई मी. माझं दुकान काय, गेलं ते गेलं. पर त्या कार्डात काय व्हतं ते तिला कुणीच वाचून दाखवलं न्हाई. आपण दोघांनीच वाचलंय, राव. मी हयातीत पयल्यांदा कुणाचा मजकूर वाचला, तिच्या बापाचा म्हणून. तुमी सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. त्यांच्याकडे मी कितव्यांदा वेळ मागत होतो कोण जाणे.

बूथ आले, गेले. मोबाइल आले. कार्डं बंद होत आली. मी निवृत्त झालो. गावात अजूनही पोरांना सांगत, इथं एक शेठ होता, मढ्याची पत्रं चोरायचा. माझ्या ओट्यावर बसूनही सांगत. मी तंबाखू मळत ऐकायचो.

आणि मग एक दिवस नव्या पोस्टमननं माझ्या हातात कार्ड ठेवलं. अंगठ्याला फाटका कोपरा लागला. पुतण्यानं लिहिलं होतं, काका गेले, तुम्हाला कार्डानंच कळवा असं सांगून ठेवलं होतं.

त्याच दुपारी मी सगुणाबाईकडे गेलो. ती पाखडत बसली होती, डोळ्यांना जाड काचा. सूप न थांबवता म्हणाली, "या भाऊ. पेन्शन झाली का?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. हळदीपासून राखेपर्यंत. तिचं सूप मधेच थांबलं.

ती रडली नाही. म्हणाली, "काय लिवलं व्हतं त्यात?"

मला ते पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. "सगुणाबाईस, बाबा आज पहाटे गेले. लग्नाला यायचं म्हणून नवं धोतर काढून ठेवलं होतं, तेच नेसवलं. लग्न थांबवू नको, उरकून घे, बाबांचीच तशी इच्छा होती. आम्हाला येता येत नाही. दहाव्याला मात्र ये. खालचा रस्ता पाण्यात गेला आहे. होडीवाल्याला सांगून ठेवलं आहे, तो तू येईपर्यंत थांबेल."

"थांबला आसंल त्यो," ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही. तिचं माहेर आता पाण्याखाली आहे, आणि तो भाऊ पुन्हा या वेशीत आला नाही.

"उरकून घे म्हनून लिवलं व्हतं," ती परत म्हणाली. "आन तू वाचलं व्हतंस."

"हो."

"शेठला ठावं व्हतं?"

"हो."

"आन त्यानं मीच ठेवलं म्हनून सांगितलं. तुझ्यासाठी." मला ती जन्मभर भाऊ, तुमी म्हणत आली होती.

माझ्या हातात शेठचं कार्ड होतं. ते वाचून झालं होतं, रीतीप्रमाणे मी ते फाडायला घेतलं.

"फाडू नगं," सगुणाबाई म्हणाली. "घरात ने. आकड्याला लाव. कुनी इचारलं, मढ्याचं कार्ड घरात का ठिवलंस, तर का ते सांग. मला एकटीला सांगून भागायचं न्हाई. सगळ्या गावाला सांग." आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

कार्ड माझ्या घरात, पुढच्या खोलीत आकड्याला आहे. सून त्याच्याकडे पाठ करून बसते. नातवंडांच्या बारशाला बायकोनं ते काढायला सांगितलं, मी काढलं नाही. येणारा विचारतो, मी सांगतो. काही जण चहा न घेता उठून जातात. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

शिक्का नारायणगावचा आहे. कुणीतरी घाईत आपटलाय, शेवटचं अक्षर उमटलेलं नाही.